गणवेश नसला तरी आपलेच

पोलीस अधिकारी म्हणून चार्ज घेतलास, आता आधी लिपिक, रेकॉर्डवाले, कॉल घेणारे या सगळ्यांची नावं पाठ कर. ‘ऑफिसचा स्टाफ’ म्हणून एका झटक्यात उडवू नकोस.

गुन्हा उघडकीस आला की कौतुकपत्र तपास पथकालाच जातं. मुद्देमालाची नोंद चोख ठेवणाऱ्यामुळे पुरावा कोर्टात टिकला असेल, तर त्याचं नाव त्याच पत्रात घाल, वेगळ्या यादीत नको.

कंट्रोल रूममध्ये फोनवर कुणाचा आक्रोश ऐकलेल्या ऑपरेटरला पुढे काय झालं ते बहुतेकदा कुणी कळवतच नाही. मला हे सगळ्यात जास्त खुपतं. घटनेनंतर पथक बोलायला बसेल तेव्हा तिलाही खुर्ची दे, तिचंही ऐक.

या सगळ्यांचं प्रशिक्षण, बढती यांसाठी मात्र वरिष्ठांशी तुलाच भांडावं लागेल.