२१ मॅच खेळलेल्या पिचरचं करिअर फुकट गेलं का?

तुम्ही विचारलंय की बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षं मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीवर) घासून मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगच्या) जेमतेम काही मॅच मिळालेल्या पिचरचं, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं, आयुष्य फुकट गेलं म्हणायचं का, आणि असे लोक वर पोचतात तरी कसे. पहिल्याचं उत्तर: नाही, फुकट गेलं नाही.

सप्टेंबर १९९९ मध्ये मी वाय-टू-केच्या (२००० सालासाठी कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या) कामावर डॅलसला होतो. १८ तारखेला ऑफिसमधल्या एकाने आर्लिंग्टनला रेंजर्स या मेजर लीग टीमच्या मॅचला नेलं, समोर टॅम्पा बेची टीम. आठव्या इनिंगमध्ये टॅम्पा बेने एक डावखुरा पिचर आणला, जिम मॉरिस, वय ३५, पहिलीच मॅच! शेजारचा सांगायला लागला की हा टेक्सासच्याच बिग लेकमधला शाळामास्तर, १९८३ला ब्रूअर्स या मेजर लीग टीमने घेतलेला पण हाताची ऑपरेशनं होऊन खेळ सुटला, आणि यावर्षी शाळेच्या टीमने पैज लावली, आम्ही डिस्ट्रिक्टची स्पर्धा जिंकलो तर सर तुम्ही ट्रायआउट (निवड चाचणी) द्यायची. पोरं जिंकली, सर गेले आणि ताशी ९८ मैलांनी बॉल टाकले. रेंजर्सच्या रॉयस क्लेटनला त्याने चार पिचमध्ये (बॉलमध्ये) स्ट्राइकआउट, म्हणजे बाद, केलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, कारण मीपण डावखुरा फास्ट बोलर, जिल्ह्याकडून दोन मॅच खेळलो आणि दादा म्हणाला दोन मॅचनी पोट भरत नाही, गुपचूप इंजिनिअरिंग कर. केलं. पण अजूनही घरात कोणी त्या दोन मॅचचा विषय काढला की दादा म्हणतो, त्यात काय सांगण्यासारखं?

मॉरिसच्या एकूण २१ मॅच, १५ इनिंग्ज, १३ स्ट्राइकआउट, त्याच्या नावावर विजय एकही नाही. मे २०००मध्ये यांकी स्टेडियमवर तिन्ही बेसवर समोरचे खेळाडू उभे असताना यांकीजच्या पॉल ओनीलला वॉक दिला (चुकीचे बॉल टाकून फुकट बेस, म्हणजे एक रन दिला) आणि संपलं. तरी तो मेजर लीगचा पिचर, ते कोणी पुसू शकत नाही. आणि पोटाचंच म्हणाल तर तिथे ४३ दिवस रोस्टरवर (टीमच्या खेळाडूंच्या यादीत) काढले की पेन्शन लागू होते, हे दादाने वाचावं.

वर कसे जातात, तर तेव्हा १ सप्टेंबरनंतर रोस्टर ४० जणांपर्यंत वाढवता यायचं, त्यात बऱ्याच जणांचा नंबर लागायचा. मॉरिसही आधी ऑर्लँडो आणि डरहॅमच्या मायनर लीग टीमकडून खेळूनच वर आला.

हां, तुमच्या घरात असं कोणी असेल तर हाताची ऑपरेशनं झालेली असताना डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करू देऊ नका, आणि मायनरचा पगार फार कमी असतो, घर चालवायला दुसरं कोणीतरी लागतं. पण दोनच मॅच मिळाल्या तरी खेळू द्या त्याला. माझ्या दोन्ही मॅचची स्कोअरशीट मी अजून जपून ठेवलीयेत, दुसरीत तीन विकेट आहेत, दादाने ती कधी बघितलीच नाहीत.