वाचकांचे प्रश्न : साताऱ्यातला अर्ध्या दिवसाचा रविवार

प्रश्न : बदलीमुळे आम्ही नुकतेच साताऱ्यात राहायला आलो. मागच्या रविवारी कासला निघालो, पण यवतेश्वर घाटातल्या गाड्यांच्या रांगेतच दुपार झाली आणि तसेच परतलो. घरात सत्तरीच्या सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा आहे. फार दगदग न होता अर्ध्या दिवसात कुठे जाता येईल?
— एक वाचक भगिनी, गोडोली

उत्तर : ताई, डोंगर जिथे परसदारापर्यंत आले आहेत, त्या गावातला आपला पहिलाच रविवार घाटात अडकून गेला, याचे वाईट वाटले. फुलांच्या हंगामात सुटीच्या दिवशी कासचा हट्ट धरू नये, असे मला मनापासून वाटते, कारण त्याच वेळात हाताशी असलेली दोन-तीन ठिकाणे निवांत पाहून होतात.

उजाडता उजाडता अजिंक्यतारा किल्ल्यावर जावे. गाडी दरवाजाच्या बरीच जवळ जात असल्याने सासूबाईंना मोठा चढ चढावा लागणार नाही. मंगळाई देवीचे दर्शन घेऊन तटावर आलात, की पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर, पलीकडे सज्जनगड, पूर्वेला जरंडेश्वर आणि खाली संपूर्ण शहर दिसते. मुलाला आपले घर शोधायला सांगावे. त्यात त्याचा अर्धा तास सहज जाईल.

पुढच्या खेपेस लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहावी. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या वर्षांत बांधलेली ही विहीर सुमारे 110 फूट खोल असून वरून पाहिल्यास तिचा आकार शिवलिंगासारखा दिसतो. ऐन उन्हातही पायऱ्या उतरू लागताच अंगाला गारवा जाणवतो आणि विहिरीच्या पोटातच बांधलेल्या छोट्या महालात उभे राहिले, की आपला आवाज आपल्यालाच वेगळा वाटू लागतो. मोटा जिथे चालत, ती थारोळी मुलाला आवर्जून दाखवावीत. पाणी बैलांच्या बळावर वर येत असे, हे त्याला तिथे चटकन समजेल. मात्र कठड्याजवळ त्याचा हात सोडू नये.

संध्याकाळ मोकळी असेल, तर कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला जावे. सासूबाईंना घाटावर आणि मंदिरात शांतपणे बसता येईल.

प्रश्न : पावसाळ्यात वासोटा करता येईल का?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : नाही. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात असून पावसाळ्यात तिथे प्रवेश बंद असतो. हिवाळ्यात वनविभागाची परवानगी घेऊन बामणोलीहून लाँचने जावे आणि पूर्ण दिवस राखून ठेवावा. पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा पाहावा, पण तोही कठड्याच्या आतूनच.

प्रश्न : कासच्या पठारावर फुलांमध्ये उतरू देत नाहीत. चार पावलांनी असे काय बिघडते?
— एक वाचक, करंजे

उत्तर : आपण हे सरळ विचारले, हे फार बरे झाले. हा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माथा आहे आणि त्यावर मातीचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम काही इंचांचा आहे. इथल्या अनेक वनस्पतींना उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे पावसाच्या चार महिन्यांत उरकावे लागते. बी धरण्याआधीच रोप चिरडले, तर त्या जागी पुढच्या वर्षी उगवायला बीच कमी पडते, शिवाय दबलेल्या मातीत पाणी नीट मुरत नाही.

पुढच्या वेळी वाटेच्या कडेला गुडघे टेकून सीतेची आसवे पाहावीत. नखाएवढे ते जांभळे फूल दिसायला नाजूक असले, तरी या वनस्पतीला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत दडलेल्या तिच्या सूक्ष्म पिशव्या बारीक जीव पकडतात आणि या निकस जमिनीत न मिळणारे नत्र त्यांच्यापासून मिळवतात. हा सगळा संसार बोटभर मातीत चाललेला असतो, आणि आपला बूट नेमका त्याच्यावर पडतो. टोपली कारवीला तर एकदा फुलण्यासाठी सात वर्षे लागतात.

सप्टेंबरमधल्या एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी, आधी नोंदणी करून, सकाळी लवकर जावे. तेरडा आणि सोनकी वाटेवरूनही पोटभर पाहता येतात.