बेळगावची थंडी सुरू झाल्यावर परड्यातली झाडं झाकून ठेवावीत का?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे जूनमध्ये पनवेलहून बेळगावला आलात, पावसाळ्यात अंगणातलं सगळं हिरवंगार होतं, पण दिवाळी झाल्यापासून कढीपत्ता पिवळा पडतोय, मोगऱ्याला एक कळी नाही, तुळस झडत चाललीय. आता झाडांवर प्लॅस्टिक घालून उन्हाळ्यापर्यंत बागकाम बंद ठेवावं का, आणि जाता जाता, घरात दही का लागत नाही, असंही विचारलंय.

बंद अजिबात ठेवू नका. प्लॅस्टिकही घालू नका. आमच्या सीमाभागात थंडी ही परडं झाकायची नाही, पेरायची वेळ असते. मी वडगावात वीस-बावीस वर्षं परडं सांभाळतेय आणि वर्षातली सगळ्यात चांगली भाजी मी कार्तिक ते माघ या महिन्यांत काढते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे पनवेलला नसतो तसा गारठा इथे पहाटे जाणवतो. डिसेंबर-जानेवारीत पारा पहाटे १३-१४ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. पण दुपारी बारा-एकला तोच २८-२९ वर असतो. पाणी गोठेल अशी थंडी इथे पडत नाही, दहिवर पडतं. ज्या देशांत बर्फ पडतो तिथल्या लोकांनी झाडं झाकायचे सल्ले दिलेले असतात, ते आपल्याला लागू नाहीत. प्लॅस्टिक घातलंत तर आत घाम धरेल, दुपारी झाड उकडून निघेल आणि पानांवर बुरशी येईल.

याची खात्री करून घ्यायची असेल तर एखाद्या रविवारी सकाळी येळ्ळूरच्या रस्त्याने चक्कर मारून या. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या काळ्या शिवारात भात कापून झालं की त्याच जमिनीत मसूर पेरतात. वरून पाणी देत नाहीत. जमिनीत मुरलेली ओल आणि पहाटेचं दहिवर, एवढ्यावर ते पीक येतं. सात वाजता बांधावर उभं राहिलं तर मसुराच्या बारक्या पानांवर दहिवर इतकं दाट असतं की सगळं शेत राखाडी दिसतं, आणि त्यातून चालत गेलेल्या माणसाची हिरवी वाट मागे उमटलेली असते. इथल्या थंडीला काय मानवतं, ते ते शेत बघितल्यावर कळतं.

आता तुमच्या झाडांचं.

कढीपत्ता मुळात उष्ण हवेचा. हवा १६ अंशांच्या खाली जायला लागली की तो नवीन फूट काढत नाही, जुनी पानं पिवळी करून टाकतो. हा आजार नाही. आजार आपण करतो, पाणी घालून. लग्न होऊन या घरी आले तेव्हा मी माहेराहून आणलेलं कढीपत्त्याचं रोप असंच मारलं. पानं पिवळी दिसली की पाणी कमी पडलं असं वाटायचं, म्हणून रोज तांब्या-दोन तांबे ओतत होते. सासूबाईंनी आठवडाभर बघितलं आणि म्हणाल्या, "रोज पाणी कशाला घालूलालीस गं? त्याला आता तहान कुठाय?" तोवर उशीर झाला होता. उपटलं तेव्हा मुळं काळी पडून हाताला बुळबुळीत लागली, साल बोटाबरोबर निघून आली. वाढ थांबलेलं झाड पाणी ओढत नाही, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात, एवढंच कारण. बोटाचं दुसरं पेर मातीत जाईल इतकं बोट खुपसून बघा. आत ओल लागली तर पाणी घालू नका. खतही आत्ता नको. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की शेंडे छाटा, मुळाशी ओंजळभर शेणखत घाला, फूट येईल.

मोगऱ्याची ही झोपायची वेळ आहे. त्याला जागं करायच्या भानगडीत पडू नका. डिसेंबरभर पाणी अगदी बेताचं ठेवा. जानेवारी संपता संपता फांद्या अर्ध्यावर छाटून राहिलेली पानं हाताने ओरबाडून काढा, मग शेणखत आणि भरपूर पाणी. मार्चपासून गजऱ्याची ददात नाही.

तुळशीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती वाळली की घरातल्या माणसांच्या मनाला लागतं. तुळशीचं लग्न कार्तिकात होतं तेव्हा ती मंजिऱ्यांनी भरलेली असते. बी धरलं की तुळशीचा सगळा जोर बियांत जातो, त्यात गारठा. म्हणून लग्न लागलं की मंजिऱ्या खुडायच्या. वाळलेल्या मंजिऱ्यांचं बी कागदात बांधून ठेवा आणि माघ सरल्यावर पेरा, आत्ता पेरलंत तर उगवायला फार दिवस घेईल. दोन-तीन वर्षांत खोड लाकडासारखं झालं की तुळस तशीही जाते, म्हणून दरवर्षी नवीन रोप तयार ठेवावं. आणखी एक सांगते, राग मानू नका. लग्नाच्या दिवशी दूध, साखरेचं पाणी, पंचामृत सगळं मुळाशी ओततात, त्याने मुंग्या लागतात आणि माती आंबते. चमचाभर घालावं, भक्ती तेवढ्यात पोचते. दिवाही खोडापासून वीतभर लांब ठेवावा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कुंडीत शेवंती असेल तर हे वाचा. शेवंतीला रात्र मोठी झालेली कळावी लागते, तरच ती कळी धरते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस तेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांच्या थोडा वर उरतो. एका वर्षी दिवाळीला लावलेला व्हरांड्यातला दिवा आम्ही पुढे महिनाभर रात्रभर चालू ठेवला होता. भिंतीच्या आडोशाला असलेल्या तीन कुंड्या पिवळ्याधमक झाल्या आणि दिव्याखालच्या दोन नुसत्या पानांनी माजल्या, एक कळी नाही. माती तीच, खत तेच, रोपंही एकाच बुडख्याची. दिवा बंद केला, कुंड्या मागच्या दारी नेल्या, तेव्हा कुठे संक्रांतीनंतर फुलल्या. पावट्याच्या आपल्या गावठी वेलाचंही असंच. मृगात लावला तरी तो नुसता मांडवभर पसरतो, फूल दिवस लहान झाल्यावरच धरतो. पुष्कळ लोक भाद्रपदात "याला फूलच येत नाही" म्हणून वेल उपटतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. दोन महिने थांबायचं असतं फक्त.

पेरायचं काय? आमच्या घरी हिशेब भोगीपासून उलटा करतात. भोगी १३ जानेवारीच्या आसपास. त्या दिवशीच्या भाजीत पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा, वाटाणा, वरून तीळ, सोबत बाजरीची भाकरी. यातलं निदान दोन-तीन जिन्नस तरी परड्यातले असावेत असा सासूबाईंचा आग्रह असायचा आणि आता माझाही असतो. तुमचं गाजर यंदा भोगीला सापडणार नाही, त्याला ८० ते १०० दिवस लागतात, ते गणपती-नवरात्राच्या सुमारास पेरायला हवं होतं. तरी आत्ता पेरा, फेब्रुवारी-मार्चात हलव्याला येईल. गाजर रोप करून लावायचं नाही, जागेवरच पेरायचं. उपटून लावलं की मूळ दुभंगतं. मेथी रात्रभर भिजवून पेरलीत तर महिन्यात जुडी. पालक तसाच. कोथिंबिरीला धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका करायच्या, थंडीत उगवायला बारा-पंधरा दिवस घेते, तोवर धीर धरायचा. मुळा दीड महिन्यात. नवलकोलाची रोपं मिळाली तर अवश्य लावा, लावल्यापासून पन्नास-साठ दिवसांत तयार होतो. तो क्रिकेटच्या चेंडूएवढा झाला की लगेच काढायचा, मोठा होऊ दिला की आत दोरे धरतात.

वाटाणा माझा सगळ्यात आवडता, कारण थंडी सोडून तो दुसऱ्या कशातच नीट येत नाही. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या फळ-भाजी संशोधन संस्थेने काढलेलं 'अर्का अजित' नावाचं बी मिळालं तर तेच घ्या. त्यावर भुरी सहसा येत नाही. तुरीच्या वाळक्या काटक्या रोवून दिल्या की वेल आपला आपण चढतो.

भुरी म्हणजे पानावर पिठासारखा पांढरा थर. गार रात्री आणि कोरडे दिवस तिला मानवतात. आपल्याकडे या दिवसांत पूर्वेचा कोरडा वारा असतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिचा हंगाम. गर्दी विरळ करा, तळाची पानं काढून लांब टाका. तरीही वाढली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन सकाळच्या गारव्यात फवारायचं, उन्हात नाही. मात्र कडुनिंबाचं तेल फवारलं असेल तर पंधरा दिवस गंधकाला हात लावू नका, पानं करपतात. दुसरा त्रास माव्याचा, तो ढगाळ हवा पडली की दोन दिवसांत कोवळ्या शेंड्यावर जमतो. पहिल्यांदा पाण्याची जोराची धार मारा, निम्मा तिथेच जातो. उरलेल्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी. निपाणीकडचा कोणी तुम्हाला तंबाखूचं पाणी मारायला सांगेल. मावा त्याने मरतो हे खरं, पण निकोटीन हे विष आहे आणि ही भाजी आपली पोरं खाणार आहेत. मी ते परड्यात येऊ देत नाही.

पाणी सकाळी ऊन अंगणात उतरल्यावर घालायचं. संध्याकाळी घातलं की रात्रभर बुंधा गार आणि ओला राहतो. तुमच्या घराला आड असेल तर उत्तमच. या शहरात जुन्या घरांतून आड पुष्कळ आहेत आणि थंडीत त्यांचं पाणी कोमट असतं, पहाटे घागर वर येते तेव्हा वाफ निघताना दिसते. टाकीतलं पाणी रात्रभर गार झालेलं असतं, ते थोडा वेळ उन्हात राहू दे. लहान कुंड्यांकडे मात्र वेगळं बघावं लागतं. तोच कोरडा वारा दुपारी त्या सुकवतो, त्यामुळे मेथी-कोथिंबिरीच्या उथळ ट्रेला एक दिवसाआड पाणी लागतंच. तुमच्याकडची माती तांबडी असेल, कँप भागात असते तशी, तर पाण्याचा निचरा लवकर होतो. आमच्या काळ्या मातीत आठवडा आठवडा ओल राहते. म्हणून दिवस मोजून पाणी घालू नका, बोट घालून बघा.

आमच्या शेजारच्या कानडी अक्का पहिल्या गारठ्याला कुंपणावरून "चळी बंतु" म्हणजे थंडी आली, अशी हाक देतात. त्या दिवशी दोन्ही घरांतले बंब बाहेर निघतात, वाकळी उन्हात पडतात. बंबाची राख टाकू नका, पण त्यात नुसतं लाकूड, करवंट्या जाळलेल्या असाव्यात, प्लॅस्टिकचा तुकडासुद्धा नको. राख चाळून घ्यायची आणि सूर्य उगवायच्या आधी, पानांवर दहिवर असतानाच, कोबी-नवलकोलावर चिमटीने भुरभुरायची. ओल्या पानाला ती बरोबर चिकटते आणि मावा बसत नाही. ऊन आल्यावर टाकली तर नुसती खाली पडते. खायच्या आधी पानं धुवायची, हे सांगायला नकोच. मुळाशी घालायची तर महिन्याला मूठभर, आणि ताज्या शेणखतात मिसळून कधीही नाही, खतातलं नत्र हवेत उडून जातं.

दह्याचं कारण झाडांसारखंच आहे, विरजणातल्या जिवाला ऊब लागते. दूध बोटाला चांगलं गरम लागेल इतकं, पण चटका बसणार नाही असं असावं. उन्हाळ्यात चमचाभर विरजण घालत असाल तर आत्ता दोन घाला, आणि ते ढवळून पूर्ण मिसळा. भांडं जुन्या टॉवेलात गुंडाळून गव्हाच्या पिठाच्या डब्यात ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं. आंबोळीचं पीठ मी बंब विझल्यावर त्याच्या शेजारी ठेवते, रात्रीत डबा भरून वर येतं. दही रात्री दहाला लावलंत तर सकाळी सहाला उघडू नका, आठ वाजेपर्यंत राहू दे.