‘ट्रॅफिकेबिलिटी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: लष्करासाठी होणाऱ्या भू-संशोधनावर मराठीत लिहिताना ‘टेरेन ट्रॅफिकेबिलिटी मॅप’ (रस्ता नसलेल्या जमिनीवरून वाहने जातील का, हे दाखवणारा नकाशा) हा शब्द अडला. त्याला ‘भूप्रदेशाच्या वाहतूकक्षमतेचा नकाशा’ म्हटले तर चालेल का? की ‘पारगम्यता’ किंवा ‘सुगम्यता’ बरे?

तिन्ही नकोत. वाहतूकक्षमता म्हटले की एखादा पूल किंवा रेल्वेमार्ग किती वाहतूक हाताळू शकतो, हे मनात येते. इथे मुळात रस्ताच नाही. पारगम्यता मृदाविज्ञानात कधीच रुळली आहे आणि ती आहे पाणी झिरपण्याबद्दल. एकाच लेखात मातीतून पाणी जाणे आणि मातीवरून रणगाडा जाणे या दोन्हींसाठी तोच शब्द आला, तर वाचकाचा गोंधळ उडेल. सुगम्यता आता अपंगांसाठीच्या सोयींशी जोडली गेली आहे, तिला तिथेच राहू द्यावे.

मग या शब्दात नेमके काय भरलेले आहे? उघड्या जमिनीवरून, शेतातून, नदीकाठाने किंवा वाळवंटातून लष्करी वाहन जाईल की रुतेल, एवढेच. त्याचे दोन भाग पडतात. जमिनीने वजन पेलले पाहिजे आणि चाकाला किंवा रणगाड्याच्या पट्ट्याला पकड दिली पाहिजे. वरून निसरडी झालेली घट्ट माती वजन पेलते, पण पकड देत नाही. म्हणून ‘भारक्षमता’ हा शब्दही अपुरा पडतो.

हे मोजतात कसे, ते कळले की शब्द निवडणे सोपे जाते. टोकाला शंकू बसवलेली सळई जमिनीत दाबायची आणि किती जोर लागला ते वाचायचे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील विक्सबर्ग येथे लष्करी अभियंत्यांच्या प्रयोगशाळेने ही पद्धत बसवली. तिथे प्रत्येक वाहनासाठी दोन आकडे काढतात. एकदाच जायचे तर जमीन किती घट्ट हवी, हा पहिला. त्याच चाकोरीतून ५० फेऱ्या व्हायच्या तर किती घट्ट हवी, हा दुसरा. (चाकोरी इथे तिच्या मूळ अर्थाने घ्यावी, चाकांनी पडलेली वाट.) ओली चिकणमाती मळली की मऊ पडते. पहिली गाडी निघून जाते आणि मागची अडकते. म्हणजे हा गुण जमिनीचा खरा, पण तो वाहनागणिक बदलतो, फेरीगणिक बदलतो आणि पावसागणिक तर बदलतोच.

यावर अनेकांना ‘वापसा’ आठवेल. मलाही हा शब्द फार प्रिय आहे. पावसानंतर जमीन ना चिखल ना ढेकूळ अशा स्थितीत आली, की वापसा आला म्हणतात, आणि वापसा नसताना ट्रॅक्टर घातला तर जमीन दाबली जाते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. निरीक्षण तेच आहे, पण संज्ञा म्हणून तो चालणार नाही. चैत्रात काळी जमीन दगडासारखी होते. तेव्हा तिच्यात वापसा नसतो, पण गाड्या पेलायला ती सर्वांत चांगली असते. वापसा हा मशागतीचा शब्द आहे. लेखात समजावून सांगताना तो जरूर वापरावा, नकाशाच्या शीर्षकात नको.

माझी निवड ‘जमिनीची वाहनयोग्यता’ ही आहे. ‘जमिनीची’ मात्र गाळू नये, नाहीतर वाहनाच्याच तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र वाटेल. विशेषण हवे तर ‘गाडीजोगी’ आहेच: गाडीजोगा पट्टा, गाडीजोगी नसलेली पाणथळ.

वापरून पाहू. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत भारतीय सैन्याने कालव्याचे पाणी सोडून उसाची शेते भिजवली आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्यात रुतले. इथे ‘जमिनीची वाहनयोग्यता मुद्दाम घालवली’ असे लिहिता येते. वाहतूकक्षमतेने हे वाक्य जमणार नाही. दुसरे उदाहरण महायुद्धातले, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याचे, जिथे दोस्तांचे सैन्य उतरणार होते. ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत किनाऱ्यावर गेले आणि जर्मन पहाऱ्यातून वाळूचे नमुने घेऊन परतले. वाळूखाली मऊ थर असेल तर रणगाडे रुतून बसतील, अशी शंका होती. तेव्हा शोध होता ‘किनाऱ्याच्या वाहनयोग्यतेचा’.

आता एक सावधगिरी, कारण याच नकाशांवर नद्याही असतात. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: उतार किंवा पायउतार. पावसाळा सरून नद्यांना उतार पडला की मोहिमा निघत, म्हणून दसऱ्याचे सीमोल्लंघन. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठी फौज कुंजपुऱ्याकडे असताना अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली. पाणी पुरते ओसरलेले नव्हते, त्याची माणसेही वाहून गेली, पण तो दिल्ली आणि मराठ्यांच्या मधे येऊन बसला. उतार कुठे आणि कधी मिळतो, या एका माहितीचे मोल किती असू शकते, हे पानिपताइतके क्वचितच कुठे दिसते. पण आजच्या लेखात ‘उतार’ जमिनीच्या कलासाठीही लागणार. दोन्ही अर्थ एकाच नकाशात आले तर नदीसाठी ‘पायउतार’ आणि डोंगरासाठी ‘उतार’ ठेवावा.

भारतात जमिनीच्या वाहनयोग्यतेचे काम संरक्षण संशोधन संस्थेची दिल्लीतील भूप्रदेश-संशोधन प्रयोगशाळा करत असे. २०२० मध्ये ती हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत विलीन झाली आणि चंडीगडला ‘डिफेन्स जिओइन्फॉर्मॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट’ उभी राहिली. अशा अधिकृत नावांचे भाषांतर न करता ती देवनागरीत जशीच्या तशी लिहावीत.

तुमच्या शीर्षकापुरते सांगायचे तर ‘भूप्रदेशाचा वाहनयोग्यता नकाशा’ असे लिहा, आणि पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य घाला: ‘कोणत्या ऋतूत, कोणत्या जमिनीवरून, किती वजनाच्या किती गाड्या न रुतता जातील हे दाखवणारा नकाशा.’