जुन्या शिडाच्या नौकेच्या डोलकाठीच्या तारा बदलाव्यात का?

समुद्रात वीस वर्षे वापरलेली नौका आता बामणोलीजवळ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आहे आणि डोलकाठीला ताणून उभी धरणाऱ्या तारा चकचकीत दिसतात, तरी त्या बदलाव्यात का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बदलाव्यात. कोयनेचे पाणी गोडे असले, तरी समुद्राचे मीठ तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीत साचून राहते आणि तेथे प्राणवायू पोहोचत नसल्याने स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर टिकत नाही व ते आतून गंजते. नळीवर केसासारखी चीर दिसली, किंवा तारेवरून फिरवलेल्या कापसाचे तंतू अडकले, तर ती तार बादच समजावी. मला अधिक काळजी वाटते ती या तारा ज्यांना खाली जोडलेल्या असतात, त्या डेकमधून खाली जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांची. त्या काढूनच तपासाव्यात. डोलकाठी उभी ठेवून काम करायचे असल्यास एका वेळी एकच तार सोडून तिच्या जागी शीड चढवण्याचा दोर ताणून बांधावा.