ईएसआयचे पैसे चालू असताना ॲडमिशन घेतली तर चालते का?

प्रश्न : ताई, मी बुटीबोरीच्या एका कंपनीत चार वर्षं पॅकिंगला होतो, पगार १६ हजार, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कटायचा. दोन महिन्यांआधी आमची लाईनच बंद केली अन् वीस-बावीस पोरांना हिशोब देऊन घरी पाठवलं. आता नोकरी गेल्यावर ईएसआय काही दिवस पैसे देते, त्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा फॉर्म भरतो आहे. बी.कॉम. फर्स्ट इयर करून सोडलं होतं, वाटलं रिकामाच आहो तर पूर्ण करून टाकू. पण आमचा साळा म्हणते, कॉलेजात नाव लागलं की तू बेरोजगार नाही, विद्यार्थी झाला, मग पैसे बंद अन् वरून वसुली. खरं आहे काय? – एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : भाऊ, साळ्याला म्हणा हा नियम कुठं वाचला ते दाखव. ही योजना जुलै २०१८ पासून आहे, आधी पगाराच्या २५ टक्के मिळायचे, २०२० मध्ये ५० टक्के केले. अटी काय, तर दोन वर्षं विमा असावा, नोकरी जायच्या आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची कपात भरलेली असावी आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढीच, अन् नोकरी गैरवर्तनामुळे, रिटायरमेंटमुळे किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन गेलेली नसावी. यात शिक्षणाचा शब्द नाही. ते बघतात ते एवढंच की मधे काम लागलं का. लागलं तर जॉईन व्हायच्या दिवसापर्यंतचे पैसे मिळतात, पुढचे नाही.

उलट त्याच ईएसआयची २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, कारखाना बंद पडला किंवा कायद्याने छाटणी झाली त्यांच्यासाठी, २४ महिने, पहिलं वर्ष ५० टक्के मग २५, आणि त्यात तर नवीन काम शिकायच्या ट्रेनिंगची फी ईएसआयच देते. शिकणं गुन्हा असता तर दिली असती काय? तुमची लाईन बंद झाली म्हणता, तर केस यात बसते का तेही विचारा. नागपुरात गणेशपेठेत ईएसआयचं ऑफिस पंचदीप भवन आहे, तिथं तुमचं ब्रँच ऑफिस कोणतं तेही कळेल.

आता घोळ कुठं होतो सांगते. माणूस म्हणतो अभ्यास करतो आहे, आणि सोबत कुणाच्या दुकानात संध्याकाळी टॅलीवर (हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर) बिलं टाकायला बसतो, महिन्याचे चार-पाच हजार घेतो. तो अभ्यास नाही, ते काम झालं. वसुलीची भीती असेल तर ती याची असू द्या, बी.कॉम.ची नको.

आणि पैशाचा हिशोब आधीच करून ठेवा. दोन वर्षांची कमाई भागिले ७३०, त्याच्या अर्धे, असा रोजचा दर निघतो. पूर्ण दोन वर्षं १६ हजारच धरले तर २६३ रुपये रोज, जास्तीत जास्त ९० दिवस, म्हणजे साडेतेवीस हजाराच्या थोडं वर, तेही आयुष्यात एकदाच. ९० दिवसांत बी.कॉम. होत नाही बाप्पा! चौथ्या महिन्यात घरात किराणा लागेलच. म्हणून मी तर म्हणते रेग्युलर कॉलेजच्या भानगडीत पडू नका, उद्या कुठं फर्स्ट शिफ्टला बोलावलं तर कॉलेज सोडाल की नोकरी? घरून शिकता येते त्या इग्नू मुक्त विद्यापीठाचं नागपुरात रीजनल सेंटर आहे, ॲडमिशन जानेवारी आणि जुलै दोनदा होतात, परीक्षा जून-डिसेंबरला, बी.कॉम.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं देतात. जुनं फर्स्ट इयर धरतील का ते फी भरायच्या आधी विचारा, नंतर विचारून डोक्याला हात लावून बसू नका.

फॉर्म नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी भरता येतो, तुमचे दोन महिने झाले, भरून टाका. ईएसआयसीच्या साईटवर आयपी नंबरने (तुमच्या ईएसआय विमा क्रमांकाने) लॉगिन करायचं. आधी आधार, ईएसआय आणि बँक पासबुकातलं नाव एकसारखं आहे का पाहा. माझ्या दिराच्या नावात ठेकेदाराने एक काना जास्त लावून दिला होता, पैसे महिनाभर अडकले. हो, अन् या काळात ईएसआयचा दवाखानाही चालू राहतो, सोमवारीपेठेतलं हॉस्पिटल सोडू नका.

प्रश्न : मी बी.ए. सेकंड इयरला आहे, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणवाले दहा हजार मला मिळतील का? – एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : नाही. ही २०२४ ची योजना, तो भत्ता नाही, विद्यावेतन आहे, ऑफिसात जाऊन काम शिकावं लागतं. शिक्षण चालू असेल तर चालत नाही, इथं तसं स्पष्ट लिहिलं आहे. आणि दहा हजार पदवी झालेल्यांना, बारावीवाल्यांना सहा. आधी बी.ए. करा मग अर्ज करा, वय ३५ पर्यंत चालते.