घराचं कंत्राट: सही करण्याआधी

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्यांची पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, घोळ मात्र एकच. करार एका पानाचा आणि त्यात नुसता दर.

ठेकेदार नात्यातला आहे. लेखी करार हवाच का? (सांगली)

हवाच. मसुदा वकिलांना दाखवून मगच सही करा.

दर 2,000 रुपये चौरस फूट ठरला. आता ठेकेदार छज्जे आणि जिन्याची हेडरूमही (जिन्यावरची गच्चीतली छोटी खोली) मोजतोय. (नाशिक)

फूट कशाचा, हे लिहिलं नाही की असंच होतं. बाल्कनी, पोर्च, हेडरूम पूर्ण धरायचे की निम्मे, छज्जे धरायचे की नाही, कंपाउंड, पाण्याची टाकी आणि सेप्टिक टँक दरात आहेत की वेगळे, हे आर्किटेक्टकडून लिहून घ्या. नकाशाच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या हव्यात.

ठेकेदार ॲडव्हान्स 10, जोत्याला 25 आणि स्लॅबला 35 टक्के मागतो. द्यावेत का? (कोल्हापूर)

नका देऊ. 1,500 चौरस फुटांचं एकमजली घर म्हणजे वरच्या पत्रातल्या 2,000 रुपये दराने 30 लाख. स्लॅब ओतला त्या दिवशी तुमचे 21 लाख गेलेले असतील आणि उभा असेल फक्त सांगाडा. वीटकाम, प्लॅस्टर, फरशी, प्लंबिंग, वायरिंग, दारं-खिडक्या, रंग हे सगळं उरलेल्या 9 लाखांत भागणार नाही. मग माणसं दुसऱ्या साइटवर जातात आणि इथून पुढे नुसती 'उद्या येतो'.

दुसरा धोका घाईचा. पैसे स्लॅबच्या तारखेला बांधले की सळईखाली कव्हर ब्लॉक (तिला शटरिंगपासून वर धरणारे छोटे ठोकळे) न ठेवताच काँक्रीट ओततात. सळई शटरिंगला टेकलेली राहते, तिला पाणी लागतं, ती गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. तेव्हा ठेकेदार सापडत नाही.

माझ्या मते हप्ते असे असावेत: ॲडव्हान्स 5, जोतं 15, स्लॅब 20, वीटकाम 10, प्लॅस्टर 15, फरशी-प्लंबिंग-वायरिंग 20, दारं-खिडक्या आणि रंग 10 टक्के. शेवटचे 5 टक्के एक पावसाळा गळती न होता गेल्यावर. स्लॅबचा हप्ताही दोन भागांत द्या. ओतण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने सळई आणि तिच्याखाली काँक्रीटच्या 20 मिमी थरासाठी (कव्हर) सोडलेली जागा तपासून लेखी होकार द्यायचा. ओतल्यावर निम्मे पैसे, सेंट्रिंग काढून 28 दिवसांचा क्यूब रिपोर्ट (काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद तपासणारा) हाती आल्यावर उरलेले. पीपीसी सिमेंट (राख मिसळलेलं) असेल तर किमान 10 दिवस पाणी मारायचं, हेही करारात घाला. तुमच्या कामाचे टक्के इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

'उत्तम प्रतीचं साहित्य' एवढं लिहिलं तर चालेल? (लातूर)

नाही. सिमेंटचा ब्रँड, सळईची ग्रेड (एफई 500 डी), टाइल्सचा मूळ दर, प्रत्येक खोलीतले लाइट पॉइंट, सगळं नावानिशी आणि आकड्यांत हवं. 'किंवा समतुल्य' हे शब्द खोडायला लावा. स्वस्त माल त्यांतूनच आत येतो.

मुदत लिहिली नव्हती. काम वर्षभर रखडलंय. शेजारी म्हणतात, रेरात जा. (सोलापूर)

ही ऐकीव माहिती सोडा. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, घरं आणि प्लॉट विकणाऱ्या बिल्डरसाठी आहे, तुमच्या प्लॉटवर बांधून देणाऱ्या ठेकेदाराला तो लागू नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधल्या सेवेच्या व्याख्येत मात्र घरबांधणी येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. आज झालेल्या कामाचं मोजमाप आणि फोटो इंजिनिअरकडून करून घ्या, याच आठवड्यात वकिलामार्फत नोटीस द्या, आणि यापुढे एक रुपयाही रोखीने देऊ नका.